हार्ट अटॅकनंतर : कोणती गोळी कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे का?

"स्टेंट बसवला, आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?" असे अनेक रुग्ण विचारतात. स्टेंटमुळे अडलेली रक्तवाहिनी उघडते. आजार मात्र संपत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्यापासून रोखतात. दोन्ही साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. मनाने बंद केल्यास पुन्हा अटॅक येऊ शकतो. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी स्टॅटिनची गोळी स्वतःहून थांबवू नका.

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. म्हणून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक गोळी कशासाठी, कधी आणि किती दिवस, हे मराठीत लिहून घ्या. समजलेले डॉक्टरांना परत सांगून दाखवा. चूक तिथेच कळेल. छातीत पुन्हा दुखले, घाम फुटला, तर अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका. लगेच १०८ला फोन करा.