बऱ्हाणपूर सापडतं का?

आपल्या मंडळाच्या रक्तदात्यांच्या यादीत गावाचं नाव टाकून शोधायची सोय आहे. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या मावशींना बऱ्हाणपूरच्या रुग्णालयात दाखल केलं आणि तिथेच राहणारे दाते तातडीने हवे होते. यादीने चार नावं दाखवली. प्रत्यक्षात होती अकरा. बाकीची फोनाफोनी करून मिळाली, रक्तही वेळेत मिळालं. पण यादीत असलेली सात माणसं दिसली का नाहीत, हे शोधायचं काम आमच्या तंत्रगटाकडे आलं.

कारण होतं आपल्या मराठीच्या ‘ऱ्ह’मध्ये. बऱ्हाणपूर, गोऱ्हे, कऱ्हाडे यांतला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी वेगळं अक्षरच आहे, खाली नुक्ता असलेला र, आणि त्याला हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणक मात्र एका ‘बऱ्हाणपूर’मध्ये 9 चिन्हं मोजतो, दुसऱ्यात 10, आणि हे दोन वेगळे शब्द आहेत असं शांतपणे ठरवतो. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार लिहील, हे टाइप करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण वापरूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. ती आपणच एक करून घ्यावी लागतात.

दुरुस्ती चार ओळींची होती. पण मला महत्त्वाची वाटते ती तिच्यासोबत लिहिलेली चाचणी. ‘एका प्रकारे लिहिलेलं बऱ्हाणपूर शोधलं, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं सापडलं पाहिजे’ एवढंच ती म्हणते. गोऱ्हे आणि कऱ्हाडे यांच्यासाठी तशाच आणखी दोन.

आमचं सॉफ्टवेअर पायथन भाषेत आहे, म्हणून चाचण्या पायटेस्ट नावाच्या साधनाने चालतात. टर्मिनल उघडायचं, पायटेस्ट हा एक शब्द लिहायचा आणि एंटर मारायचा. ज्या फाइलींची आणि फंक्शनांची नावं ‘टेस्ट’ने सुरू होतात ती सगळी ते स्वतःच शोधून काढतं. पास झालेल्या प्रत्येक चाचणीला एक ठिपका, नापास झालेलीला इंग्रजी एफ. शेवटी काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हे समोरासमोर छापून येतं. मागच्या वेळी नापास झालेल्याच पुन्हा चालवायच्या असतील तर त्याचीही सोय आहे. आजी शितावरून भाताची परीक्षा करते. इथे दोन सेकंदांत पातेल्यातलं शीत न् शीत तपासून होतं, मग एकावर कशाला भागवा?

बटण दाबूनही चाचण्या चालवता येतात, मग काळ्या खिडकीत टाइप कशाला करायचं, असं गटातली मुलं विचारतात. बटण दाबायला माणूस लागतो. टर्मिनलमधली आज्ञा दुसरा प्रोग्रॅमही देऊ शकतो. आणि निकाल ठिपक्यांत वाचायची त्याला गरज नसते, कारण चाचण्या संपल्यावर पायटेस्ट एक आकडा मागे ठेवतं. 0 म्हणजे सगळं ठीक. शाळेच्या अगदी उलट! यशाचा प्रकार एकच, नापास व्हायचे मात्र अनेक, म्हणून बाकीचे आकडे अपयशासाठी राखले आहेत. 1 म्हणजे काही चाचण्या नापास. 5 म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. हा 5 मला फार आवडतो. काहीच तपासलं नाही आणि काहीच चुकलं नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्या कितीतरी कार्यालयांना अजून कळायचं आहे.

या आकड्यावर आम्ही एक पहारेकरी बसवला आहे. कोणीही बदल करून तो सामायिक साठ्यात पाठवायला गेलं की गिट आधी पायटेस्ट चालवतं. आकडा 0 नसेल तर बदल पुढे जातच नाही.

गेल्या पावसाळ्यात याचा उपयोग झाला. अकरावीतल्या एका मुलीने शोध जलद करण्यासाठी तो भाग नव्याने लिहिला. काम खरोखरच चांगलं होतं. पण त्या विचित्र चार ओळी कशासाठी आहेत हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि नव्या मांडणीत त्या गळल्या. तिने बदल पाठवला, तर तीन एफ. चाचणीचं नाव वाचलं, ओळी परत घातल्या, वीस मिनिटांत काम झालं. तिला कोणी फोन केला नाही, बऱ्हाणपूरची गोष्ट सांगितली नाही. ती दुरुस्ती करणारा मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता.

सध्या 46 चाचण्या आहेत आणि एक अडली आहे. संगणकाच्या क्रमात ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणजे सभासदांच्या यादीत काळे आधी की काशीकर? ज्येष्ठ म्हणतात काशीकर, मुलं म्हणतात काय फरक पडतो. बरोबर उत्तर आधी ठरल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही, आणि ते ठरवणं पायटेस्टचं काम नाही. विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत आहे. तोवर त्या चाचणीवर ‘ही नापास होणार हे माहीत आहे’ अशी खूण करून ठेवली आहे. ठिपक्यांच्या रांगेत तिच्या जागी एक छोटा एक्स दिसतो.