पालकातलं लोह आणि दशांशचिन्हाची दंतकथा
पालकात लोह ठासून भरलेलं असतं, हा समज जुनाच. पण तो खोडून काढण्यासाठी सांगितली जाणारी गोष्टही आता तितकीच पसरली आहे. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह एक घर सरकलं, लोहाचा आकडा दहापट छापला गेला आणि त्यावर विसंबून चित्रकथेतल्या पॉपायच्या हाती पालकाचा डबा आला, अशी ती गोष्ट. एका बारीकशा चुकीने सारं जग फसलं, हे ऐकायला चटकदार आहे. शिवाय ही गोष्ट विज्ञानाची बाजू घेऊन बोलते, त्यामुळे ती पडताळून पाहावी असं सहसा कुणाला वाटत नाही.

ही गोष्ट गाजली ती १९८१ साली, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे. त्यात तिचा मूळ संदर्भ दिलेला नव्हता. तरीही पुढच्या लेखकांनी एकमेकांच्या आधाराने ती पुढे नेली. २०१० साली गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट १९३२ च्या एका चित्रपट्टीत पॉपाय स्वतःच सांगतो, की पालक खायचा तो 'अ' जीवनसत्त्वासाठी. तिथे लोहाचं नाव नाही. दहापट फरक पडायला छपाईची चूकच व्हावी लागते असंही नाही. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांतलं लोह तेवढ्याच ताज्या पानांतल्या लोहाच्या सुमारे दहापट भरणारच. दोन्ही मोजमापं बरोबर असू शकतात. एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला, की घोटाळा होतो.

यावर कुणी म्हणेल, सामान्य वाचकाने जुनी नियतकालिकं कुठे धुंडाळायची? तेवढी अपेक्षा नाहीच. हा आकडा शंभर ग्रॅम कशाचा आणि तो मोजला कुणी, एवढं विचारता आलं तरी पुष्कळ. माझ्या मते स्वतंत्र विचार म्हणजे रूढ समजाच्या उलट बोलणं नव्हे. उलट बोलणाऱ्यालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

मग पालक कुचकामी का? मुळीच नाही. त्यात फोलेट आहे, शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनवणारं बीटा-कॅरोटीन आहे. लोह मात्र शंभर ग्रॅम ताज्या पानांत तीन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. त्यातही वनस्पतींतलं लोह मांस-मासळीतल्या लोहाइतकं सहज शोषलं जात नाही. ताटात भाजीवर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, जेवणाला लागूनच चहा घेतला तर घटतं. हा हिशेब वरवरचा ठरू नये, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांतल्या एखादीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, तर त्या बंद करून रोज पालकाची जुडी आणणं हा त्या गोळ्यांना पर्याय नाही.