मीर आलम तलावाचा बांध

साठलेले पाणी शांत दिसते. परंतु ते स्वस्थ मात्र नसते. आपल्याला अडविणाऱ्या भिंतीवर ते रात्रंदिवस रेटा देत असते. हा रेटा तलावाच्या विस्तारावर नव्हे, तर पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरमागे सुमारे १ टन, दहा मीटर खोलीवर १० टन, असा त्याचा साधा हिशेब आहे. बांध माथ्याशी अरुंद आणि तळाशी रुंद ठेवण्याची जुनी रीत या हिशेबातूनच आलेली आहे.

हैदराबाद शहराने हा रेटा दोन निरनिराळ्या उपायांनी पेललेला दिसतो. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास, हुसेनसागर बांधला गेला. त्याचा बांध मातीचा असून पाण्याच्या बाजूस दगडी अस्तर आहे. तो टिकतो तो आपल्या वजनाच्या बळावर. दुसरा उपाय पाहावयाचा असेल, तर जुन्या शहराच्या पलीकडे, नेहरू प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या मीर आलम तलावाकडे जावे लागेल.

निजाम सिकंदरजाह याचा दिवाण मीर आलम याच्या नावाने हा तलाव ओळखला जातो. १८०४ मध्ये त्याच्या कामास प्रारंभ झाला. येथील बांध सरळ नाही. एकमेकींना लागून उभ्या केलेल्या २१ अर्धवर्तुळाकार दगडी कमानींची ती एक रांग आहे. प्रत्येक कमानीची फुगीर बाजू पाण्याकडे आहे आणि दोन कमानींच्या सांध्यावर भक्कम दगडी आधार आहे. दगडाचा स्वभाव असा, की तो दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. पाणी कमानीला रेटते, तेव्हा तिचे दगड एकमेकांवर अधिकच घट्ट दाबले जातात आणि तो सारा भार शेजारच्या आधारांवरून पायात उतरतो. सुमारे १२ मीटर उंचीचा हा बांध त्यामुळेच तुलनेने सडपातळ राहू शकला. अनेक कमानींच्या बांधांचे हे जगातील फार जुने उदाहरण होय. उस्मानसागर व हिमायतसागर होईपर्यंत शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक मोठा आधार होता.

तथापि आकार कितीही शहाणपणाचा असला, तरी दोन दगडांमधील दरजा हे बांधाचे मर्मस्थान असते. घाणीत मळलेला चुना सावकाश घट्ट होतो आणि बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो. परंतु पाझराबरोबर तो हळूहळू धुपूनही जातो. त्या फटीत पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते, मूळ जाड होते आणि दगड सुटा होतो. अशा वेळी वरून सिमेंटचा गिलावा फासणे हा उपाय नव्हे. त्याने ओल आतच कोंडते. मूळ काढून, दरजा खरवडून, त्यात पुन्हा चुनाच भरणे हीच खरी दुरुस्ती.

बंदरातील लाटा अडविणाऱ्या दगडी भिंतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. वादळाने तिचे दगड हलविले, की ते सर्वांना दिसते आणि नवे दगड टाकून ती जागा भरली जाते. तिला थोडे ढळण्याची मुभा असते. तलावाच्या बांधाला ती नाही. त्याचे दुखणे आतल्या आत वाढते आणि पुष्कळदा बांध फुटल्यावरच कळते.

हैदराबादने त्याची किंमत मोजली आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. तिच्या पाणलोटातील दोनशेहून अधिक तळ्यांचे बांध फुटून ते पाणीही पुरात मिळाले आणि हजारो माणसे दगावली. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेनुसार मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. तरीही ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत शहराच्या दक्षिण भागातील पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू या तळ्यांचे बांध खचले आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. मोठी धरणे झाली म्हणून लहान तळ्यांचे बांध विसरून चालत नाही, हाच त्याचा अर्थ.

बांधाची राखण हे काही अवघड शास्त्र नव्हे. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी दरजा तपासाव्यात, झुडपे मुळासकट काढावीत, सांडवा मोकळा आहे ना हे पाहावे, गाळ किती चढला ते मोजावे आणि पाझराचे पाणी गढूळ येऊ लागल्यास तत्काळ हालचाल करावी. कारण गढूळ पाझर म्हणजे बांधाची माती वाहू लागल्याची खूण. मीर आलमच्या कमानी दोनशे वर्षांहून अधिक काळ उभ्या आहेत. ज्याने त्या रचल्या त्याचे श्रेय त्यात आहेच. पण ज्या अनामिक गवंड्यांनी वेळोवेळी दरजा भरल्या, त्यांचेही त्यात तितकेच आहे.