जामीनदार कोण?

"काका, माझं होईल का हो?" आमच्या सोसायटीतला मेकॅनिकलचा एक मुलगा परवा फाईल घेऊन आला. अमेरिकेत पीएच.डी. करायची आहे. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली, म्हणून त्याला मी आठवलो असणार!

गुणपत्रिका चोख होती. जीआरईच्या गणितात १७० पैकी १६८. पण तिथे आपली बरीच मुले चमकतात, आणि २०२० नंतर अनेक विभागांनी ती परीक्षाच सक्तीची ठेवलेली नाही. मी विचारले, "शिफारसपत्रे कोणाची?" प्राचार्यांचे आणि विभागप्रमुखांचे. दोघांनीही सांगितले होते, "मसुदा लिहून आण, सही करतो." बँकेत असे जामीनदार मी पुष्कळ पाहिले.

तिकडे इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.ची फी आणि दरमहाचे विद्यावेतन बहुधा प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानातून दिले जाते. म्हणजे पाचएक वर्षे तो या पोरावर पैसे लावणार. प्रयोग फसला तेव्हा हा काय करतो, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा शब्द त्याला हवा असतो. नुसत्या हुद्द्याचे त्याला काय? शिवाय ज्याच्याकडे त्या वर्षी अनुदानच नाही, त्याच्या दारातून हुशार मुलगाही परत फिरतो.

"शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट कोणाकडे केलास?"

एका तरुण प्राध्यापिकेकडे. गळका हीट एक्स्चेंजर घेऊन दोघे चार महिने झगडले होते. "पण मॅडम ज्युनिअर आहेत, काका."

अर्जाची मुदत डिसेंबरची. मी त्याला तिथेच बसून मॅडमना फोन लावायला सांगितले.