आदिवासी भाषा : घटनेत काय, कागदावर काय?

● २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी मातृभाषा असलेले सुमारे १ कोटी ४ लाख, गोंडीचे सुमारे ३० लाख. दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषा-यादीबाहेर. अनुसूचीतल्या संस्कृतची नोंद २४,८२१.

● संथाळी आणि बोडो अनुसूचीत आल्या २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीने.

● अनुच्छेद ३५० : संघराज्यात किंवा त्या-त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडता येते. उत्तर त्याच भाषेत मिळेल, अशी हमी त्यात नाही.

● अनुच्छेद ३५०क : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा.

● महाराष्ट्रात आदिवासी भाषांचा प्रश्न मुख्यतः नंदुरबार (भिली), मेळघाट (कोरकू) आणि गडचिरोली (गोंडी, माडिया) इथला.