सत्त्याऐंशी टक्के

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत एकच ओळ होती: ओक्लाहोमा सिटी थंडर ८७, इंडियाना पेसर्स १३. एनबीएची अंतिम मालिका सुरू व्हायची होती आणि ती कोण जिंकणार, या प्रश्नाला माझं ते उत्तर होतं. बास्केटबॉल बघणाऱ्या बहुतेकांना असलं उत्तर आवडत नाही, त्यांना नाव हवं असतं. पण नाव सांगणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. थंडर जिंकेल, असं त्या आठवड्यात कोणीही सांगितलं असतं. किती खात्रीने सांगायचं, ते ठरवायला मेहनत लागते. त्या मेहनतीत मला सामना बघण्याइतकाच आनंद मिळतो.

हा आकडा काढताना मी जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांपासून सुरुवात करत नाही. थंडरने साखळीतल्या ८२ पैकी ६८ सामने जिंकले होते, पेसर्सने ५०. पण एका गुणाने जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना या हिशेबात सारखाच धरला जातो. म्हणून आधी गुणांतला फरक बघायचा. थंडर दर सामन्याला सरासरी १२०.५ गुण करत होता आणि १०७.६ गुण देत होता. जवळजवळ तेरा गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. १९७१-७२च्या लॉस एंजेलिस लेकर्सचा विक्रम त्याने मागे पडला. पेसर्सचा फरक सव्वादोन गुणांच्या आसपास होता.

पुढची पायरी पायथागोरसचं नाव मिळालेल्या सूत्राची. बिल जेम्स यांनी ते बेसबॉलसाठी मांडलं. केलेले गुण आणि दिलेले गुण यांच्या गुणोत्तराचा बेसबॉलमध्ये वर्ग करतात, बास्केटबॉलमध्ये चौदाच्या आसपासचा घात घ्यावा लागतो. एका सामन्यात शंभरेक वेळा चेंडू ताब्यात येतो, इतक्या संधींमध्ये उजवा संघ सहसा वर येतोच, म्हणून घात एवढा मोठा. या सूत्राने थंडरच्या वाट्याला ६८ विजय येतात, म्हणजे प्रत्यक्षात मिळाले तेवढेच. पेसर्सच्या वाट्याला ४६-४७ येतात. दोघांना समोरासमोर ठेवलं की त्रयस्थ मैदानावरच्या एका सामन्यात थंडरची शक्यता ७८-७९ टक्के निघते आणि सात सामन्यांच्या मालिकेत ती ९६ टक्क्यांवर जाते.

एका सामन्यातल्या शक्यतेचं मालिकेत काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. चार सामने आधी जिंकेल तो विजेता. एका सामन्यात ५५ टक्के शक्यता असलेला संघ मालिका ६१ टक्के वेळा जिंकतो, ६० टक्केवाला ७१ टक्के आणि ७० टक्केवाला ८७ टक्के वेळा. मालिका लांबते तसा उजवा संघ आणखी उजवा ठरत जातो. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यात थोडं डावं-उजवं झालं की शेवटचं उत्तर बरंच हलतं.

९६ हा आकडा मी वहीत लिहिला नाही. वर्षभराच्या सरासरीत पेसर्सचे दोन वेगळे संघ एकत्र झाले होते. पहिल्या २५ सामन्यांत त्यांनी १० जिंकले आणि १५ हरले, उरलेल्या ५७ मध्ये ४० जिंकले. जूनमध्ये समोर येणार होता तो हा दुसरा संघ. ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडला त्याने पाच सामन्यांत घरी पाठवलं होतं. थंडरला मात्र डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत झुंजावं लागलं होतं. शिवाय साखळीतला मोठा फरक काही प्रमाणात दुबळ्या संघांना धू धू धुतल्यामुळे येतो, आणि अंतिम मालिकेत दुबळा संघ नसतो. या सगळ्याचा विचार करून मी एका सामन्याची शक्यता ७० वर आणली. मालिकेसाठी ८७ त्यातूनच आले.

पेसर्सच्या टायरिस हॅलिबर्टनच्या शेवटच्या क्षणांच्या बास्केटचं काय करायचं, हा मला सगळ्यात अवघड गेलेला प्रश्न. मिलवॉकी, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क या तिन्ही मालिकांत हरलेले वाटणारे सामने पेसर्सने शेवटच्या मिनिटात खेचून आणले होते. याला हिंमत म्हणावं की योगायोग? माझ्या मते दोन्ही, पण योगायोगाचा वाटा मोठा. मागे पडल्यावरही वेग न सोडणारा, दहा-दहा खेळाडू खेळवून समोरच्याला दमवणारा संघ अशा संधी जास्त वेळा तयार करतो, हे खरं. त्या संधीवर टाकलेला चेंडू आत जाईलच, असं मात्र कोणत्याही कौशल्याने ठरत नाही. म्हणून हॅलिबर्टनला मी थोडं झुकतं माप दिलं, फार नाही.

आकड्यांनंतर पाळी येते डोळ्यांची. डीन ऑलिव्हर यांनी २००४च्या पुस्तकात सामना ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या: नेमबाजी, चेंडू गमावणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांचं वजनही त्यांनी अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ असं धरलं. कुठल्याही मालिकेआधी मी या चारांतली कोणती गोष्ट दोन्ही संघांना एकाच ठिकाणी भिडवते, ते शोधतो. इथे ते स्पष्ट होतं. चेंडू हिसकावणं हा थंडरचा प्राण आणि चेंडू जपणं हा पेसर्सचा. कोण कोणाला अडवणार हेही बघायचं. थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर हा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, त्याच्यावर पेसर्सचा अँड्र्यू नेमहार्ड. दोघेही कॅनडाचे, पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकाच संघातून खेळलेले, एकमेकांच्या सवयी ओळखणारे. सामना बघताना मी समालोचनाचा आवाज बंद ठेवतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये फेक रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायला लागले की पाय थकलेत हे कळतं, आणि ते समालोचकाच्या उत्साहात हमखास निसटतं.

पहिला सामना आपल्याकडे ६ जूनला सकाळी सहाला सुरू झाला. पेसर्सने पहिल्या अर्ध्यातच १९ वेळा चेंडू गमावला. थंडरला हवं होतं अगदी तसंच चाललं होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ गुणांनी मागे होता. मग सामना संपायला ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने चेंडू रिंगमधून घातला आणि १११-११० असा निकाल लागला. साऱ्या सामन्यात पेसर्सने आघाडी घेतली ती तेवढीच.

भाकीत करणाऱ्याची खरी परीक्षा अशा सकाळी असते. माझा आकडा ८७ वरून ७४ वर आला, पण तो केवळ गणिताने. चार विजय हवेत आणि एक पराभव खात्यावर पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. मूळचे ७० मी हलवले नाहीत. पेसर्सने तीन गुणांचे ३९ पैकी १८ फेक आत घातले होते, ते रोज होणार नव्हतं. पण एका अर्ध्यात १९ वेळा चेंडू गमावणंही रोज होणार नव्हतं. एक गोष्ट त्यांच्या बाजूने बदलणार, दुसरी विरुद्ध. अशा वेळी हात आखडता ठेवावा. एका सामन्याच्या धक्क्याने मूळ मत फिरवणारे लोक मी बरेच पाहिलेत आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत ते उलटे फिरलेले असतात.

दुसरा सामना थंडरने १२३-१०७ असा जिंकला, आकडा ८४. तिसरा पेसर्सने ११६-१०७ असा घेतला. बेनेडिक्ट मॅथुरिनने बाकावरून येऊन २७ गुण केले. आता पेसर्स २-१ ने पुढे, आणि तरीही माझ्या वहीत थंडरसमोर ६५. हे अनेकांना पटत नाही. मागे असलेला संघ पुढे असलेल्यापेक्षा जास्त संभाव्य विजेता कसा? त्याला उत्तर एवढंच की आपण तीन सामने बघून आलेलो असतो, पण आपल्या हाती माहिती असते साऱ्या मोसमाची.

चौथ्या सामन्यावर मी सगळ्यात जास्त टिपणं काढली. तीन क्वार्टर संपले तेव्हा पेसर्स ८७-८० ने पुढे होता. तो सामना गेला असता तर ३-१. तिथून परतणं काय असतं, ते इतिहास सांगतो: अंतिम मालिकेत ३-१ वरून परत येऊन जिंकलेला एकच संघ, २०१६चा क्लीव्हलँड. त्याआधी ३२ संघांनी प्रयत्न केला आणि सगळे हरले. थंडरचे त्या दिवशी तीन गुणांचे १७ पैकी फक्त ३ फेक आत गेले. तीन वेळाच! आजच्या बास्केटबॉलमध्ये एवढ्यावर कोणी जिंकत नाही. पण गिल्जस-अलेक्झांडरने शेवटच्या पाचेक मिनिटांत १५ गुण केले, संघाने बचावाच्या जोरावर सामना १११-१०४ असा काढला. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी पहिल्या सामन्यापासून बाकावरून खेळवलेल्या उंच हार्टेनस्टाइनला पुन्हा सुरुवातीच्या पाचांत आणलं होतं. नेम चुकत असताना जिंकणारा संघ हा माझ्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा. बरोबरीत आकडा ७८ झाला, पण खात्री मला त्याहून अधिक वाटत होती.

पाचवा थंडरचा, सहावा पेसर्सचा. सातवा सामना ओक्लाहोमात.

सातव्या सामन्याबद्दल सगळे एकच आकडेवारी देतात: तोवरच्या १९ अंतिम सातव्या सामन्यांपैकी १५ घरच्या संघाने जिंकले होते. ती खरी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. घरचं मैदान बहुतेक वेळा साखळीत सरस ठरलेल्या संघालाच मिळतं, म्हणजे त्या १५ विजयांत प्रेक्षकांचा वाटा किती आणि मुळातल्या ताकदीचा किती, हे वेगळं करता येत नाही. उरलेले चार सामने मला नेहमी आठवतात. १९६९ मध्ये लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते आणि बोस्टन १०८-१०६ ने जिंकलं. २०१६ मध्ये सातव्या सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ६१०-६१० होती. तो सामना पुढे ८९-८९ वर अडकला आणि क्लीव्हलँडने परक्या मैदानात तो ९३-८९ असा नेला.

ओक्लाहोमातल्या त्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टन दुखरी पोटरी घेऊन उतरला. तीन थ्री-पॉइंटर झटपट आत घातले आणि पहिल्या क्वार्टरमध्येच कोसळला. अकिलीज टेंडन तुटलं होतं. जमिनीवर हात आपटणारा तो खेळाडू बघताना माझं वहीकडे लक्षच गेलं नाही. त्याच्याशिवाय पेसर्स मध्यंतराला ४८-४७ ने पुढे होता, याबद्दल मला त्या संघाचा फार आदर वाटतो. तिसरा क्वार्टर थंडरने ३४-२० असा घेतला आणि सामना १०३-९१ असा संपला.

मग ८७ बरोबर होतं का? या एका निकालावरून ते कळत नाही. ज्याने ९६ लिहिलं त्याला त्या दिवशी माझ्यापेक्षा चांगले गुण मिळाले असणार. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी हवामानाचे अंदाज तपासायला एक पद्धत दिली: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि अनेक अंदाजांची सरासरी काढायची. या पद्धतीला भरपूर अंदाज लागतात. सुदैवाने दर वर्षी बाद फेरीत १५ मालिका असतात. चार वर्षांत साठ होतात. ज्यांच्यासमोर ७० लिहिलं त्यांतल्या दहापैकी साधारण सात जिंकल्या पाहिजेत. नऊ जिंकल्या तरी अंदाज कच्चाच, कारण तो गरजेपेक्षा भित्रा होता.

सट्टेबाजांचे भाव मी माझा आकडा लिहून झाल्यावरच बघतो. दोन्ही संघांच्या भावांतून निघणारी टक्केवारी बेरजेला शंभरापेक्षा जास्त भरते. वरचा हिस्सा सट्टेबाजाचा असतो, आणि पैसे लावणारा तिथेच हरायला सुरुवात करतो. या कामात पैसा आणू नये, असं मी कळकळीने सांगेन. हरलेले पैसे परत मिळवायची घाई झाली की ७० चे ९० व्हायला वेळ लागत नाही.

पुढच्या जूनमध्ये अंतिम मालिका सुरू होण्याच्या आदल्या रात्री एक आकडा लिहा, खाली कारणं लिहा, तारीख टाका, आणि मालिका संपेपर्यंत त्यात खाडाखोड करू नका. बदल करायचाच असेल तर खाली नवी ओळ लिहा.