फळ्यावर आज काय लिहिलंय?

पेपरात न येणाऱ्या आणि कुणी फॉरवर्डही न करणाऱ्या बातम्या होटगीतल्या एका शाळेच्या व्हरांड्यात दर आठवड्याला खडूनं लिहिल्या जातात. त्या पुसल्या जाण्याआधी आपण एकदा वाचूया.

एक प्रश्न विचारू? तुमच्या जुन्या प्राथमिक शाळेत गेल्या आठवड्यात काय झालं, सांगता येईल तुम्हाला?

नाही ना? मलाही आलं नसतं. कुठल्या हिरोइनचं ब्रेकअप झालं ते आपल्याला पाठ असतं. पण जिथं आपण पहिल्यांदा 'अ' गिरवला, तिथं आता किती शिक्षक उरलेत हे कुणी विचारलं तर आपण गप्प. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे मला 'बातमी म्हणजे काय' यावर चार पानं लिहिता येतात. तरी आमच्या सरांनी "एका शाळेचा एक आठवडा कव्हर कर" असं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की त्यात बातमी काय असणार?

म्हणून मी होटगीला गेले. सोलापूरहून पंधराएक किलोमीटर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना होटगी म्हणजे फक्त जंक्शन माहीत असतं. मुंबई-चेन्नई मार्गावरून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. गाडी थांबते, चहा घेऊन आपण पुढं निघतो. मी मात्र उतरले आणि एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. शाळेचं आणि तिथल्या माणसांचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. मुख्याध्यापकांची तेवढीच अट होती.

व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर रंगीत खडूनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

सोमवार – पाचवी, शिष्यवृत्ती सराव चाचणी
मंगळवार – मॅडम प्रशिक्षणाला. दुसरी व तिसरी एकत्र बसेल
बुधवार – शाळा व्यवस्थापन समितीची सभा, दुपारी ४
गुरुवार – नाताळ, सुट्टी
शुक्रवार – गुरुजींचा निरोप समारंभ
शनिवार – आनंददायी शनिवार, परसबागेत काम

मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. "क्यूट!" असे तीन रिप्लाय आले. मलाही तो फळा तेव्हा क्यूटच वाटला होता. आठवडा संपेपर्यंत त्यातल्या एकेका ओळीचा अर्थ कळत गेला, आणि तो शब्द काही त्याला शोभेना.

दहा मिनिटांचं बुलेटिन

शाळा भरली की आधी परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, मग सुविचार आणि दिनविशेष. आपण रोज हात पुढं करून म्हटलेली ती प्रतिज्ञा मुळात १९६२ साली तेलुगूत लिहिली गेली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे वाचून बरं वाटेल!

त्यानंतर 'आजच्या बातम्या'. चौथीतली एक मुलगी पेपरची घडी हातात धरून पुढं येते आणि ठळक बातम्या वाचते. बोट ओळीखाली, आवाज टिपेला. मुंबईची बातमी, दिल्लीची बातमी, क्रिकेटची बातमी. वाचून झालं की पेपर टेबलावर जातो.

मग मुख्याध्यापक उठतात आणि शाळेच्या बातम्या सांगतात. कुणाच्या घरी बाळ झालं, कोण आजारी आहे, उद्या कोणते सर नाहीत, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी लेकीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टीवर आहेत आणि त्यांच्या जागी कोण येणार. मुलं पेपरातल्या बातम्यांना हलत-डुलत होती, या बातम्यांना मात्र गप्प बसून ऐकत होती. "मावशी नाहीत, मग खिचडी कोण करणार गुरुजी?" हा प्रश्न लगेच आला. बरोबरच आहे. बातमी ती, जिच्यामुळे आपला उद्याचा दिवस बदलतो.

त्या मावशींचं मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले १० महिने. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ. हिशोबाची वही मुख्याध्यापक स्वतः लिहितात, वर्ग सांभाळून.

पाच वर्ग, चार शिक्षक

आता मंगळवारची ओळ पुन्हा वाचा. 'दुसरी व तिसरी एकत्र बसेल.'

या शाळेचा पट शंभराच्या आसपास आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या तक्त्यानुसार पहिली ते पाचवीत ९१ ते १२० मुलं असतील तर ४ शिक्षक मिळतात. वर्ग मात्र ५. म्हणजे सगळे शिक्षक हजर असले तरी एका वर्गाला स्वतःचा शिक्षक नाही. हा नियमभंग नाही, हाच नियम आहे. मोजणी मुलांची होते, वर्गांची नाही.

त्यात एक मॅडम प्रशिक्षणाला गेल्या की राहिले तीन. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडं माहिती भरून द्यायची असते, म्हणजे वर्गावर उरले दोन. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरचं काम देऊ नये, असं याच कायद्याचं २७ वं कलम सांगतं. पण ऑनलाइन माहिती, फोटो, लिंक हे सगळं कागदावर 'शाळेचंच काम' असतं. ते कुठल्या कलमात बसवायचं?

मंगळवारी मी एकत्र बसलेल्या वर्गात मागं जाऊन बसले. सर फळ्याच्या डाव्या बाजूला दुसरीला हातच्याची बेरीज शिकवत होते, उजव्या बाजूला तिसरीसाठी गुणाकार लिहून ठेवला होता. तिसरीचा एक मुलगा आपलं सोडवून झाल्यावर दुसरीच्या धाकट्या भावाला बोटांवर हातचा कसा धरायचा ते दाखवत होता. छान वाटलं बघायला. पण खरं सांगते, मागच्या रांगेतल्या तीन मुलांपर्यंत ना बेरीज पोचली, ना गुणाकार. सरांना ते दिसत होतं. त्यांनी मधल्या सुट्टीत त्या तिघांना पुन्हा बोलावलं आणि स्वतःचा डबा न उघडताच परत वर्गात गेले.

आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. १० लाख डॉलर्सचं बक्षीस, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची गोष्ट तेव्हा जगभर गेली आणि आपण सगळ्यांनी ती अभिमानानं शेअर केली. ते करायलाच हवं होतं. पण बक्षिसाची बातमी एकदाच येते. 'दोन वर्ग एकत्र' ही बातमी दर आठवड्याला येते, आणि ती फक्त फळ्यावर राहते.

दुपारी चारची सभा

बुधवारची ओळ मला सगळ्यात कंटाळवाणी वाटली होती. शाळा व्यवस्थापन समिती! पण ऐका. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणं, पैसे कुठं खर्च झाले ते पाहणं, शिक्षक वेळेवर येतात का ते विचारणं हा तिचा अधिकार आहे. गावातल्या एखाद्या शेतमजूर बाईला सरकारी कारभाराचा हिशोब समोर बसून मागता येईल, अशा जागा आपल्याकडं किती आहेत सांगा.

सभेला पाच जण आले. सतरंजी मात्र पंधरा जणांची घातली होती.

विषय तीन : गळका नळ, परसबागेचं कुंपण आणि गुरुजी निवृत्त झाल्यावर रिकामी होणारी जागा. नळाचं दहा मिनिटांत ठरलं. तिसऱ्या विषयावर सगळे मुख्याध्यापकांकडं बघायला लागले. त्यांनी सांगितलं, जागा रिकामी होतीय असं पत्र आधीच दिलंय, नवीन शिक्षक कधी येतील ते आपल्या हातात नाही. समितीनं ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं तर त्याला वजन येईल.

तेव्हा दाराशी बसलेल्या एक ताई बोलल्या, "ठराव करा की. पण सर, चारला सभा ठेवली तर बाया कशा येतील? आम्ही रानातनं सुटतो पाचला. सहाला ठेवा, सगळ्या जणींना घिऊन येते."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग मुख्याध्यापकांनी वहीत लिहिलं : पुढील सभा सायंकाळी ६ वाजता. त्यांना स्वतःला सोलापूरला परत जायचं असतं, तरी.

गुरुजी निघाले

शुक्रवार. गुरुजींना ५८ वर्षं पूर्ण झाली, ३१ डिसेंबरला ते निवृत्त होतायत. "दाखल्यावर माझी खरी जन्मतारीख लागली म्हणून डिसेंबरात चाललोय," ते हसत म्हणाले, "नाहीतर आमच्या वेळचे निम्मे १ जूनचेच!" (तुमच्या आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारा, मग हा विनोद कळेल.)

पस्तीस वर्षांची नोकरी. शाल, श्रीफळ, हार, फोटो. भाषणं थोडी लांबली, लहान मुलं पेंगली. पाचवीच्या मुलींनी नाच बसवला होता, स्पीकर मध्येच बंद पडला आणि उरलेला नाच टाळ्यांवर झाला.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट समारंभ संपल्यावर घडली. गुरुजींनी कपाटातून एक जुनी दोनशेपानी वही काढली आणि पहिलीच्या मॅडमना दिली. मॅडम मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. वहीत देवनागरीत कन्नड शब्द लिहिलेले : बा म्हणजे ये. कुंद्रू म्हणजे बस. नीरु म्हणजे पाणी. ऊटा आयता म्हणजे जेवलास का.

दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इथं घरात कन्नड, शेजारी मराठी आणि बाजारात दोन्ही. जिल्ह्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारती कन्नडमधूनही पुस्तकं काढते. पण मराठी शाळेत नाव घातलेली सगळीच मुलं घरून मराठी घेऊन येत नाहीत. पहिलीत आलेलं सहा वर्षांचं पोर 'बस' म्हटल्यावर उभंच राहतं, तेव्हा ते ऐकत नाहीये असं वाटतं. त्याला शब्दच कळलेला नसतो. गुरुजी 'कुंद्रू' म्हणायचे आणि ते पोर हसून बसायचं.

या शाळेत कन्नड बोलणारे ते एकटेच शिक्षक होते. रिकामी जागा कागदावर एक दिसते. पहिलीतल्या त्या सात-आठ मुलांसाठी ती त्याहून कितीतरी मोठी आहे.

"बोलताना चुकलं तरी बोला," गुरुजी मॅडमना म्हणाले. "पोरं हसतील आणि दुरुस्त करतील. मीही तसाच शिकलो."

आता पुढं काय?

फळ्यावर पुढच्या दिवसांचे कार्यक्रम लागलेत. ३ जानेवारीला, शनिवारी, सावित्रीबाई फुले जयंती आणि बालिका दिन. पुण्यात भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, त्यावर मुली छोटी नाटिका करणार आहेत. 'सावित्री' व्हायला सहा जणी तयार आहेत, शेण फेकणारी व्हायला कुणीच तयार नाही! संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा. गड्ड्याला जाऊन आल्यावर प्रत्येकानं पाच ओळी लिहायच्या. फेब्रुवारीत पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं सध्या आसपासच्या फडांवर आहेत. त्यांना शोधून हंगामापुरतं वर्गात बसवायचं कामही सुरू आहे.

आणि समितीची पुढची सभा, संध्याकाळी ६ वाजता.

आता तुम्ही म्हणाल, यात आम्ही काय करणार? फार काही नाही. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आलाय. दप्तर बाजूला ठेवून खेळ, गोष्टी, हस्तकला. तुम्हाला गिटार येते, चित्र काढता येतं, गोष्ट सांगता येते? मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि महिन्यातला एक शनिवार तुमच्या जुन्या शाळेला द्या. घरात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलत असाल तर तुम्ही त्या शाळेला आणखी हवे आहात. तुमची वहिनी किंवा काकू समितीत असेल तर तिला सभेला गाडीवरून सोडा. आणि शिक्षकाची जागा रिकामी असेल तर गावातल्या सुशिक्षित पोरांनी पत्र लिहून द्यायला काय हरकत आहे? दर वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते. पट कमी झाला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की पालक मुलं काढून पिवळ्या व्हॅनमध्ये बसवतात, आणि पट आणखी कमी होतो. हे चक्र फळ्यावर लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक ओळीमागं तेच असतं.

शनिवारी सकाळी मी शेवटची गेले तेव्हा मुलं परसबागेत मेथीला पाणी घालत होती. फळा पुसून झाला होता. पहिलीच्या मॅडम नवा आठवडा लिहित होत्या, अक्षर गुरुजींइतकं वळणदार नव्हतं. मागून एक चिमुकली येऊन उभी राहिली. मॅडमनी वळून पाहिलं, जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "ऊटा आयता?"

ती जोरात हसली. सकाळचे साडेनऊच तर वाजले होते. मग तिनं मान हलवली आणि मॅडमना तो शब्द नीट कसा म्हणायचा ते सांगितलं.